उजवा पीळ

आधीच सांगून टाकते, मला वाट बघता येत नाही. चहाचं आधण ठेवलं तरी मी तिथेच उभी राहून भांड्याकडे रागाने बघत बसते. आणि नशीब असं की नोकरी मिळाली ती भट्टीवर, तीही अशा भट्टीवर की एकदा सुरू झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत आत बोट घालता येत नाही. बाबा मला लहानपणापासून ठिणगी म्हणतात. आई होती तेव्हा आम्हा दोघांना मिळून म्हणायची, "सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. बाप तसा, लेक तशी." धाकटा भाऊ तेवढा तिच्यावर गेला. शांत, मोजका बोलणारा. तोच इथला मॅनेजर आहे. घरी तो धाकटा आणि इथे साहेब, म्हणजे माझ्या तोंडाची दुप्पट पंचाईत.

भट्टी म्हटली की लोकांना निखारे दिसतात. आमच्याकडे निखारे नाहीत. पोलादाची एक मोठी घंटा आहे, माणूस आत उभा राहील एवढी. ओट्यावर माल रचायचा, घंटा खाली उतरवायची, पंपाने आतली हवा ओढून काढायची, मग थोडा नायट्रोजन आणि थोडा हायड्रोजन सोडायचा आणि वीज द्यायची. वायू जांभळा उजळतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्यातला नायट्रोजन पोलादाच्या कातडीत शिरतो आणि कातडी इतकी टणक होते की कानस नुसती घसरते. पूर्वी वीज थेट मालाला द्यायचे, त्यात कोपरे करपायचे, भोकांत ठिणग्या पडायच्या. आता मालाभोवती जाळीचा गोल पिंजरा उभा करतो आणि वीज त्या जाळीला देतो. आग जाळीला, ऊब मालाला. माल आत आपला निवांत बसून असतो.

फक्त एक भानगड आहे. जाळी झिजते, तिचे कण सुटतात आणि मालावर जाऊन बसतात. पोलादाची जाळी असेल तर ते हवंच असतं. टायटॅनियमची लावली तर सोनेरी लेप चढतो, आमच्या दुसऱ्या भट्टीत तेच काम चालतं. पण जाळीत भलता धातू शिरला तर तोही मालावर चढणार, त्याला कोणी अडवू शकत नाही. बाबा म्हणतात, "जाळीचं पाप मालाच्या माथी."

या जाळ्या बाबांच्या हातच्या. जाळीचा पत्रा विकत मिळतो, पण तो गोल वळवून त्याची उभी शिवण तारेने घालावी लागते आणि दर चार बोटांवर गाठ मारून पकडीने पीळ द्यावा लागतो. एक गाठ ढिली राहिली की नेमकी तिथे ठिणगी पडते. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी रोज सकाळी माझ्याबरोबर येतात आणि शेडच्या कोपऱ्यात खिडकीखालच्या टेबलाशी बसून शिवणी घालतात. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. हल्ली चष्मा डब्यात ठेवतात आणि डबा चष्म्याच्या घरात घालायला बघतात. पण त्या टेबलाशी बसले की त्यांचे हात वेगळ्याच माणसाचे होतात.

गेल्या महिन्यात त्यांनी घंटा थंड ठेवणाऱ्या पाण्याचा कॉक बंद केला आणि उघडायला विसरले. घंटेखालची रबरी रिंग जळाली, शेडभर काळा धूर झाला. कोणाला इजा झाली नाही ते नशीब. धाकटा चार दिवसांनी मला म्हणाला, "ताई, आणखी एक चूक झाली की बाबांनी घरी बसायचं. मी हे सगळ्यांच्या जिवाची जबाबदारी घेऊन बोलतोय."

तो चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण रविवारचे बाबा त्याने बघितलेले नाहीत, मी बघते. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून मीच त्यांच्याबरोबर राहते. रविवारी टेबल नसतं. मग दारापासून खिडकी, खिडकीपासून दार, पायाला भिंगरी लावल्यासारखे फिरतात. "आज वार कोणता?" पाच मिनिटांनी पुन्हा, "आज वार कोणता गं?" एकदा मी ओरडले, तर गप्प झाले आणि संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. सातही दिवस रविवार झाला तर हा माणूस सहा महिन्यांत संपेल, हे मला लख्ख दिसत होतं.

मंगळवारी संध्याकाळी मी माल भरला. औषधाच्या गोळ्या दाबून पाडणारी यंत्रं असतात, त्यांचे पंच. बोटाएवढे, टोकाला आरशासारखे गुळगुळीत, एकूण तीनशे बारा. आमच्याकडे आधी त्यांची कातडी टणक करायची आणि मग दुसऱ्या भट्टीत वरून सोनेरी लेप चढवायचा. मी ते ओट्यावर रचले, भोवती पिंजरा उभा केला, आणि तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. पुन्हा बाबांचंच. त्याने म्हणे घरी दिवसभर थांबायला एक बाई बघून ठेवली होती. मी म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकू नकोस, एक दिवस त्यांच्याबरोबर राहून दाखव. तो म्हणाला, तू भावनेच्या भरात बोलतेस. मग मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. फोन खांद्याने कानाशी दाबलेला, हात मालावर, डोकं तापलेलं. उरलेलं काम रागारागात आटपलं, घंटा उतरवली, पंप सुरू केला आणि बाबांना घेऊन घरी गेले.

बुधवारी सकाळी आठला वीज दिली. घंटेला एक काचेची खिडकी असते, बशीएवढी. तिला डोळा लावला तर जाळीवर जांभळा उजेड नेहमीसारखा, साईसारखा सपाट पसरलेला. आणि शिवणीच्या खालच्या टोकाला एक हिरवा ठिपका.

आमच्या धंद्यात हिरव्याचा अर्थ एकच, तांबं. आणि जाळीच्या आसपास येईल असं उघडं तांबं आमच्या शेडमध्ये एकाच ठिकाणी सापडतं, वेल्डिंगच्या तारेवर. ती तार आतून पोलादच असते, पण गंजू नये म्हणून वरून तांब्याचा पातळ मुलामा असतो. जाळीला ती तार चुकूनही लावायची नाही, हे इथे पहिल्या दिवशी शिकवतात. शिवणीला मऊ, करडी पोलादी तार असते. त्या तारेऐवजी कोणीतरी वेल्डिंगच्या तारेने गाठ मारली होती.

मी वळून बाबांच्या टेबलाकडे बघितलं. वेल्डिंगच्या तारेचं रीळ तिथेच होतं, लालसर, चकचकीत, पकडीच्या शेजारी.

भट्टी बंद करून काही उपयोग नव्हता. मुलामा कागदाहून पातळ, तो उडून मालावर बसायला लागलाच होता, उरलेला तास-दीड तासात जाणार. मध्येच थांबवलं असतं तर अख्खा माल अर्धा कच्चा राहिला असता. मुलामा उडालाही तसाच. नऊ वाजेपर्यंत ठिपका फिका झाला, साडेनऊला खिडकीत नुसतं जांभळं उरलं. म्हणजे हिरवं बघितलेली जगात मी एकटी होते. मी रीळ उचललं आणि माझ्या कपाटात कोंबलं.

त्या दिवशी मी किती वेळा त्या खिडकीपाशी गेले ते विचारू नका. बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठे जायचं ते कळेना. दाबाचे आकडे लिहायचे होते, ते मी एकदा वहीत भलत्याच रकान्यात लिहिले. गप्प बसले तर काय होईल? उद्या घंटा उघडली की गाठीजवळच्या पंचांवर लालसर छटा दिसेल. ती मी कापडाने घासून काढली तर कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही. मग त्यावर सोनेरी लेप चढेल. पण तांब्यावर तो लेप धरत नाही, महिन्या-दोन महिन्यांत त्याचे टवके उडतील. कशात? तर तापासाठी कोणाच्या तरी पोराला दिलेल्या गोळीत. तेवढी नीच मी नाही. आणि सांगितलं तर बाबा घरी बसणार. इकडे आड, तिकडे विहीर.

अकरा वाजता माझा बांध फुटला, आणि फुटला तो नको त्याच्यावर. बाबा टेबलाशी बसून दुसऱ्या जाळीची शिवण घालत होते. मी कपाटातून रीळ काढलं आणि त्यांच्यापुढे आपटलं.

"हे तुमच्या टेबलावर कसं आलं?"

त्यांनी मान वर केली. "काय आहे ते?"

"वेल्डिंगची तार आहे, बाबा. मंगळवारच्या जाळीत तुम्ही ही लावलीत. हिरवं दिसलं मला."

"मी नाही आणली," ते म्हणाले. मग थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. "आणली असेन. हल्ली सांगता येत नाही."

"सांगता येत नाही म्हणजे? मग येता कशाला इथे? घरी का नाही बसत?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून गेले आणि तिथेच जीभ तोडून टाकावी असं वाटलं. हातातली पकड बाबांनी टेबलावर ठेवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली.

मी तिथून निघाले, शेडला एक फेरी मारली आणि परत आले. माफी मागायला म्हणून आले होते, पण ते मला जमत नाही. त्याऐवजी मी दोन तारांचे वीत वीतभर तुकडे तोडले, एक करडी आणि एक वेल्डिंगची, आणि म्हटलं, "डोळे मिटा. सांगा कोणती कुठली."

त्यांनी मुकाट्याने डोळे मिटले. एक तुकडा अंगठ्यावर वाकवला, लगेच खाली ठेवला. "ही ताठ आहे. सोडली की परत उसळते. ही वेल्डिंगची." दुसरा हातात घेतला. "ही गरीब. वाकवली की वाकून राहते. ही आपली."

मी तुकडे अदलाबदल करून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा बरोबर. चौथ्यांदा तर मी दोन्ही वेल्डिंगचेच दिले. "वडिलांना फसवतेस होय," ते म्हणाले आणि हसले.

आता मला आणखीच कळेनासं झालं. जे हात मिटल्या डोळ्यांनी ओळखतात ते गाठ मारताना कसे चुकतील? पण कॉकही त्याच हातांनी बंद केला होता. त्या दिवशीही मला वाटलं होतं की हे शक्य नाही, आणि ते झालं होतं.

दुपारी धाकटा आला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की शिवणीत वेल्डिंगची तार गेली आहे, हिरवं दिसलं, उद्या काही पंच बाद होतील.

"कोणी लावली?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हटलं. "घाईत लावली असेन."

तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी त्याने काच फोडली की मीच म्हणायचे, मी फोडली. त्यामुळे माझा खोटं बोलणारा चेहरा त्याच्याइतका कोणाला पाठ नाही. "ताई, तू नेहमी पांघरूण घालतेस," तो म्हणाला. "शिवणी कोण घालतं ते शेडमधल्या मांजरालाही माहीत आहे. उद्या उघडू, मग बोलू." आणि जाताना बाबांच्या टेबलापाशी थांबला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी विचारलं. मायेने विचारलं म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

संध्याकाळी घरी जेवताना बाबा एकदम म्हणाले, "किती वेळ होतं हिरवं?"

"तासभर. जास्तच थोडं."

"म्हणजे एकच गाठ. अख्खी शिवण असती तर दुपारपर्यंत दिसलं असतं." ते दोन घास जेवले. "धाकट्याला सांग, बाबांनी केलं. तू मध्ये पडू नकोस. तुला अजून पंधरा वर्षं काढायची आहेत तिथे."

"पण तुम्हाला आठवतंय का केलेलं?"

"नाही. पण न आठवण्याला काय पुरावा म्हणायचं?" ते म्हणाले. मग विचारलं, "आज वार कोणता?"

"बुधवार, बाबा."

गुरुवारी सकाळी सातला आम्ही दोघं शेडमध्ये होतो. धाकटा आधीच येऊन उभा होता, आणि त्याच्याबरोबर तपासनीस बाई. या बाईंचं सगळं आयुष्य सूक्ष्मदर्शकाखाली गेलंय. माणसाकडेही एक डोळा बारीक करूनच बघतात. पण खोटं लिहीत नाहीत आणि खरं वाढवून सांगत नाहीत.

घंटा वर उचलली. आतून नेहमीचा कोमट, कोरडा वास आला. पिंजरा राखाडी पडला होता. बाई वाकल्या आणि बॅटरी मारून बघायला लागल्या. पंच छान एकसारखे मंद करडे झाले होते, मात्र शिवणीच्या खालच्या टोकासमोरच्या रांगांना लालसर झाक होती, लाजल्यासारखी. बाईंनी मोजले. "अठ्ठावीस. बाकी स्वच्छ दिसतात, पण मी सगळे तपासणार. हे अठ्ठावीस वेगळे काढायचे, घासायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकाला मी कळवते." आणि त्या ट्रे आणायला गेल्या.

धाकट्याने फक्त बाबांच्या टेबलाकडे बघितलं, आणि तेवढ्याने मला सगळं कळलं.

मी गुडघ्यावर बसून शिवण बघायला लागले. वरपासून खाली गाठी एकाखाली एक, बाबांच्या, एका मापाच्या. आता हे नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. बाबा डावखुरे आहेत. पकड डाव्या हातात धरतात, म्हणून त्यांच्या गाठीचा पीळ एका बाजूला झुकतो. आपल्यासारख्या उजव्या हाताच्या माणसाचा नेमका दुसऱ्या बाजूला. वरच्या सगळ्या गाठी डाव्या पिळाच्या होत्या. सगळ्यात खालची, शेवटची, उजव्या पिळाची होती. टोकही कापलेलं नव्हतं, नुसतं मुरगाळून दाबलेलं. अशी टोकं न कापता दाबून टाकणारं या शेडमध्ये एकच माणूस आहे आणि त्याबद्दल बाबांनी त्या माणसाला शंभरदा झापलंय.

मग आठवलं. फोन कानाशी. धाकटा म्हणतोय, भावनेच्या भरात बोलतेस. पिंजरा सरकवताना शिवणीचं खालचं टोक उसवलं. दुपारी मी एका स्टँडला वेल्डिंग केलं होतं, रीळ हाताशीच होतं. तार तोडली, गुंडाळली, मुरगाळली आणि रीळ भिरकावलं ते बाबांच्या टेबलावर. बाबा विसरतात की नाही यावर भांडता भांडता मी स्वतः विसरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यातही वळसा कोणाला, तर बापाला. काल त्यांना म्हटलं होतं, घरी का नाही बसत.

"धाकट्या," मी म्हटलं, "ही गाठ माझी आहे."

"ताई, कालपासून तू तेच म्हणतेस."

"काल खोटं म्हणत होते. आज खरं म्हणतेय."

मी त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं आणि दाखवलं, हे वरचे पीळ बघ, हा खालचा बघ. त्याने बघितलं. पण तो ऑफिसात बसून काम करणारा माणूस, त्याला दोन्ही सारखेच दिसले असणार.

बाबा पुढे आले. हळूच वाकले, डोळा जवळ नेला, मग तो नाद सोडून अंगठा शिवणीवरून वरून खाली फिरवला. शेवटच्या गाठीवर अंगठा थांबला. एकदा इकडून, एकदा तिकडून. मी त्यांचा चेहरा बघत होते. सगळं वाचलं त्यांनी, पीळ, ताठ तार, न कापलेलं टोक. खाली सही असल्यासारखं.

"माझीच आहे," ते म्हणाले.

"बाबा," मी म्हटलं.

"तू गप्प बस, ठिणगी. माझी गाठ मला ओळखू येत नाही होय?"

धाकटा दोघांकडे आळीपाळीने बघायला लागला. मग म्हणाला, "ठीक आहे. बाबा, एक गाठ मारून दाखवता?"

टेबलापाशी गेलो. मी करड्या तारेचा तुकडा तोडून दिला, जाळीचा एक उरलेला तुकडा पुढे ठेवला. बाबांनी तार ओवली, दोन्ही टोकं जवळ आणली आणि पकड उचलली. डाव्या हाताने उचलली. मग जरा थांबले, आणि ती उजव्या हातात घेतली.

उजव्या हाताने त्यांनी आयुष्यात साधी शर्टाची गुंडीसुद्धा लावलेली नाही. पकड तारेवरून घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली, आणि तिसऱ्या वेळी अंगठ्याचं कातडं चिमटलं गेलं. रक्ताचा थेंब आला. मी पुढे झाले तर कोपराने मला मागे सारलं. कपाळावर घाम, ओठ दातांत धरलेला, आणि नवशिक्यासारखा एकेक वेढा. पीळ झाला. वेडावाकडा, पण उजवा.

"बघ," ते धाकट्याला म्हणाले. "तीच."

कालपासून हा माणूस स्वतःवरच शंका घेऊन जगला होता, की केलं असेन, आठवत नाही. आणि आत्ता अंगठ्याला कळलं होतं की नाही, मी विसरलो नव्हतो, माझं डोकं शाबूत होतं. याहून मोठं काय मिळणार होतं त्यांना? ते त्यांनी दोन मिनिटंही जवळ ठेवलं नाही. मला देऊन टाकलं.

मी तिथेच रडले. शेडमध्ये, साहेबासमोर, हातमोज्याने नाक पुसत. "तुझा नियम आहे ना," मी धाकट्याला म्हटलं, "आणखी एक चूक की घरी? मग मला बसव घरी. ती बाई माझ्यासाठी ठेव. माझ्याबरोबर दिवसभर बसून दाखवू दे तिला."

धाकटा बाबांच्या हाताकडे बघत होता. मला माहीत होतं त्याला काय दिसतंय. त्याला सायकल शिकवताना सीटमागून धरलेला हात, पतंगाला गाठ मारणारा हात, गालावर एकदाच बसलेली आणि म्हणून कायम लक्षात राहिलेली थप्पड. ती उजव्या गालावर बसली होती, कारण हात डावा होता.

"बाबा," तो म्हणाला, "पकड डाव्या हातात धरा."

"डाव्या हातात कशाला?" बाबा म्हणाले. "मी काय डावखुरा आहे?"

हे त्यांनी इतक्या गंभीर चेहऱ्याने विचारलं की मला रडता रडता हसू फुटलं. धाकटाही हसला असावा, पण त्याने तोंड फिरवलं होतं आणि खिशात रुमाल शोधत होता. सापडला तेव्हा त्याने तो स्वतःच्या डोळ्यांना न लावता बाबांच्या अंगठ्याला गुंडाळला.

रुमालाची गाठ मारता मारता म्हणाला, "पाण्याच्या कॉकला हात लावायचा नाही. भट्टीजवळ एकट्याने जायचं नाही. फक्त टेबल."

"नाही लावत," बाबा म्हणाले.

"आणि ताई, तू भट्टीवर असताना फोन घ्यायचा नाही. माझाही नाही."

"तुझा तर मुळीच नाही," मी म्हटलं.

तपासनीस बाई ट्रे घेऊन आल्या, एक डोळा बारीक करून आम्हा तिघांकडे बघितलं आणि काही न विचारता पंच वेचायला लागल्या. मी पिंजऱ्याची शेवटची गाठ तोडून काढली. सोबत खालची जाळीही फाटून आली, शिवणीचा काठ तिथे पार विरला होता.

"ही आता चालणार नाही," धाकटा म्हणाला. "बाबा, नवी जाळी कधी द्याल?"

बाबा खुर्चीत बसले होते. पकड आता डाव्या हातात होती. "आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग सोमवारी देतो."

त्यांनी तार ओढली, पहिली गाठ मारली, टोक कापलं, आणि त्यावरून अंगठा फिरवून बघितला. धाकटा अजून तिथेच उभा होता. खरं तर त्याला ऑफिसात जायचं होतं.

"आज वार कोणता म्हणालास?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"गुरुवार, बाबा," धाकटा म्हणाला, आणि त्यांच्या शेजारचं स्टूल ओढून बसला.